खेळणं घेताना आधी वय, मग माप. लाकूड की प्लास्टिक हे शेवटी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या बालवाडीत दर जूनला नवी मुलं येतात आणि त्यांच्या दप्तरातून घरची खेळणीही येतात. अलीकडे बरेच पालक अभिमानाने सांगतात, "बाई, आम्ही प्लास्टिक घेतच नाही. सगळं लाकडी." ऐकून बरं वाटतं. मग मी ती लाकडी गाडी हातात घेते, चाक जरा पिळते आणि चाक खिळ्यासकट माझ्या हातात येतं.

लोक काळजी घेत नाहीत असं नाही, पण ती उलट्या क्रमाने घेतात. आधी "इको फ्रेंडली आहे का" विचारतात, मग किंमत, मग रंग आवडला का, आणि घशात अडकेल का हा प्रश्न घरी गेल्यावर आठवतो, किंवा आठवतच नाही. खाली दिलेला क्रम तसाच पाळा. एका टप्प्यावर खेळणं नापास झालं की पुढचे टप्पे बघायचे नाहीत, ते तिथेच ठेवायचं.

टप्पा १ : घरातून निघण्याआधी

पहिलं काम कागदावरचं. ज्याच्यासाठी खेळणं घ्यायचं त्याचं वय लिहा आणि त्याखाली घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं वय महिन्यांत लिहा. खरेदी या दुसऱ्या आकड्यावर ठरते. पाच वर्षांच्या दादाचे मणी दहा महिन्यांच्या बहिणीच्या तोंडात जायला अर्धा मिनिट लागतो, आणि आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत चुलत-आते भावंडं धरली तर लहानात लहान कोण हे मोजावंच लागतं.

दुसरं काम नळी करण्याचं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. त्यातून सुमारे ६ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब पट्टी कापा. लांबीच्या बाजूने १० सेंमीवर पेन्सिलीने खूण करा, पट्टी गोल वळवून ज्या टोकापासून मोजलं ते टोक त्या खुणेला टेकवा आणि वरून टेप मारा. आतला व्यास साधारण ३.२ सेंमी होतो. खेळण्यांचे लहान भाग प्रयोगशाळेत ज्या नळकांड्यात घालून तपासतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तुमची नळी त्याच्या अगदी जवळची आहे. खेळणं किंवा त्याचा सुटणारा कुठलाही भाग आडवा, उभा, तिरपा कसाही धरून नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घरात नको.

पिशवीत आणखी दोन वस्तू टाका: एक पांढरा ओला रुमाल आणि 'बीआयएस केअर' हे भारतीय मानक ब्युरोचं ॲप घेतलेला फोन.

*तपासा :* नळीतून टेबल टेनिसचा चेंडू जात नाही, कारण तो ४० मिलिमीटरचा असतो. तरीही तो लहान बाळाला देऊ नका. गोल वस्तू घशात घट्ट बसते, म्हणून चेंडूंसाठी ४४.५ मिलिमीटरचं वेगळं, कडक माप आहे. ढोबळ नियम म्हणून बाळाचा चेंडू त्याच्या मुठीपेक्षा चांगला मोठा हवा.

टप्पा २ : डब्यावरचं वय वाचा, आणि ऐका

लहान मुलाचा चेहरा, त्यावर आडवी रेघ आणि शेजारी ०-३ असं एक चिन्ह खोक्यावर असतं. आपल्या भागात खोक्यावर कधी कन्नड असतं, कधी नुसतं इंग्रजी, पण हे चिन्ह कुठलीच भाषा मागत नाही. त्याचा अर्थ एवढाच की यात घशात अडकतील असे भाग आहेत.

इथली नेहमीची चूक म्हणजे, "आमचा बाळ्या हुशार आहे, दोन वर्षांचा असून चार वर्षांचं पझल लावतो." लावत असेल. पण त्याची श्वासनळी दोन वर्षांचीच आहे.

चालायला शिकणाऱ्या बाळासाठी एक वेगळी गोष्ट. मधे बसवायचा, खाली चाकं असलेला वॉकर घेऊ नका. त्यात बाळ पाय टेकवायच्या आत वेगाने सरकतं आणि जिना किंवा ओट्याची पायरी त्याला दिसत नाही. कॅनडाने असे वॉकर २००४ पासून विकायलाच बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा बरा. तो धरायला बाळाला आधी उभं राहावं लागतं आणि वेग त्याच्या पायाने ठरतो. फक्त तो उंबऱ्याच्या आत, सपाट फरशीवर आणि कुणीतरी सोबत असतानाच द्या.

टप्पा ३ : हाताने तपासा, दुकानातच

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच लाजेमुळे राहतो. गणपत गल्लीत गर्दी असते, मागे माणसं उभी असतात, दुकानदार म्हणतो, "घेऊन जावा की ओ, काही होत नाही." थोडा वेळ लागू द्या. पॅकिंग उघडायला नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

ओढा. डोळे, नाक, चाकं, बटणं, शेपटी, एकेक धरून जोर लावा. प्रयोगशाळेत साधारण ९ किलो वजनाइतक्या जोराने ओढतात, म्हणजे भरलेली बाजाराची पिशवी उचलताना लागतो तेवढा. तुमच्या चिमटीत एवढी ताकद येणार नाही, म्हणून तुमच्या हाताने जे हललं ते नापासच.

पिळा. चाकाचा आस आणि खुळखुळ्याची मूठ इथेच सैल निघते. खुळखुळ्याच्या दोन अर्ध्या वाट्या जोडलेल्या असतील तर त्या सांध्यात नख घालून बघा. आत काय आहे हे बाळाला कधी कळू नये.

बोट फिरवा. लाकडाची कुसळं, पत्र्याच्या भातुकलीची कड, प्लास्टिकच्या साच्याची शिवण. आधी बोटाने, मग ओल्या रुमालाने. रुमालाचा धागा जिथे अडकतो तिथे बाळाची त्वचाही अडकेल.

दोरी मोजा. ओढायची गाडी, पाळण्यावरचं टांगतं, गळ्यातली शिट्टी, सगळ्यांची दोरी. दीड वर्षाखालच्या बाळासाठी दोरी वीतभरापेक्षा लांब नको. लांब असेल तर घरी कापता येते, हा एकच दोष असा आहे जो विकत घेऊन दुरुस्त करता येतो.

वाजवून तुमच्या स्वतःच्या कानाला लावा. मुलं बोलकी खेळणी कानाला लावूनच ऐकतात. तुम्हाला टोचलं तर त्यांनाही टोचेल.

बॅटरीचं झाकण उघडून बघा. नखाने उघडलं तर नको, स्क्रू असलाच पाहिजे. चपट्या नाण्यासारख्या बटण-बॅटरीबद्दल मी दुसऱ्यांदा सांगायलाही तयार आहे. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. तसंच छोट्या, ताकदवान लोहचुंबकांचं. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळणांना मधे धरून ते एकमेकांना चिकटतात आणि भोक पडतं.

आता माझी स्वतःची चूक. धाकटी अकरा महिन्यांची असताना एका जत्रेत मी तिच्यासाठी दाबलं की वाजणारं रबरी बदक घेतलं. वास घेतला, धुतलं, रंग जातो का पाहिलं. तिसऱ्या दिवशी दूधभात भरवताना तिच्या जिभेवर काहीतरी चकाकलं. बदकाच्या पोटातली शिट्टी होती, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, दाबता दाबता सुटून बाहेर आलेली. भाताच्या घासामुळे ती पुढे आली म्हणून दिसली. तेव्हापासून वाजणारं रबरी खेळणं मी उलटं धरून शिट्टीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबते. हलली की परत.

*इशारा :* बॅटरी किंवा चुंबक गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवू नका, "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणू नका, एक्स-रे असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लज बाजूलाही.

*घशात अडकलं तर :* मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला तर एकाने १०८ ला फोन करायचा. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा मारायच्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबायचं. वर्षावरच्या मुलाला ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत आणि वर झटका. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. मूल बेशुद्ध पडलं तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करा.

टप्पा ४ : आयएसआय शिक्का आणि बिल

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, परदेशातून आलेल्या खेळण्यांवरही. शिक्क्याच्या वर आयएस ९८७३ असा आकडा हवा, आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणारं असेल तर आयएस १५६४४. शिक्क्याच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये परवाना तपासण्याच्या जागी टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं.

नुसता शिक्का पाहून थांबणं ही इथली चूक. शिक्का छापायला छापखाना पुरतो, क्रमांक ॲपमध्ये जुळायला परवाना लागतो.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांनाही आहे. म्हणून कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर शिक्का नसणं म्हणजे फसवणूक असं नाही. अशा वेळी कारागिराचं ओळखपत्र विचारा आणि रंग कुठला ते विचारा. खरा कारागीर या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो.

बिल मात्र घ्याच. मराठीत मागा नाहीतर कन्नडात मागा, पण पक्कं मागा.

टप्पा ५ : रंग

ओल्या रुमालाने एकाच जागी वीस वेळा घासा. रंग उतरला तर तोंडात घालणाऱ्या बाळाला नको. रंगाचे पोपडे नखाने निघत असतील तर कुणालाच नको.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. रुमाल पांढरा राहिला म्हणजे शिसं नाही, असं होत नाही. शिसं घरच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही, लिंबाच्या रसातही नाही. आपल्या देशात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. त्याआधीचा रंग, विशेषतः भडक पिवळा आणि केशरी, संशयितच धरा. माळ्यावरून काढलेला आजोबांचा रंगीत घोडा कपाटात शोभेला ठेवा. त्याला सँडपेपर मारून नवा रंग द्यायच्या भरीला तर अजिबात पडू नका, ती धूळ रंगापेक्षा वाईट.

रंगच नसलेलं लाकूड सगळ्यात सोपं. त्यानंतर चन्नपट्टणसारखं लाखेने चढवलेलं. तिथे कुड्याच्या जातीचं पांढरं, बारीक पोताचं लाकूड चरकावर (लेथवर) फिरवत असतानाच लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि वर केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. मात्र लाखेत मिसळलेला रंग वनस्पतीजन्य आहे की बाजारचा, हा प्रश्न इथेही उरतोच.

गोकाकची आणि सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळं सुंदर असतात, आंबोलीमार्गे गेलं की आपणही परडी भरून आणतो. ती मुळात शोभेची आहेत. चावणाऱ्या बाळाच्या हातात नकोत, टोपलीत मांडून 'बाजार-बाजार' खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला खुशाल द्या.

टप्पा ६ : आता साहित्य

इथपर्यंत पास झालेलं खेळणं असेल तरच लाकूड-प्लास्टिकची चर्चा. माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगते. आयएसआय असलेली, जाड, रंगात बुडवलेली नसून मुळातच रंगीत असलेली प्लास्टिकची बादली दहा वर्षं तीन मुलं वापरत असतील, तर ती दोन महिन्यांत तुटणाऱ्या बेनावी रंगीत लाकडी गाडीपेक्षा पर्यावरणालाही बरी.

*लाकूड.* भरीव लाकूड घ्या. कडेला थर दिसत असतील तर ते प्लाय, आणि रेषा नसलेला, एकसारखा दाबलेला भुसा दिसला तर एमडीएफ. दोन्हींच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू येऊ शकतो आणि ओलं झालं की ते लाकूड फुगतं. उग्र वास आला तर ठेवून द्या. छोटी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे.

*प्लास्टिक.* तळाला त्रिकोणात आकडा असतो, नेहमी नाही. २ आणि ५ चालतात, ३ म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात, म्हणून मऊ, चिकट आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारी बाहुली टाळा. दात येतानाची चावणी पाणी भरलेली घेऊ नका, फुटते.

*कापड.* हे घरी करा. वाकळ शिवून उरलेले सुती तुकडे प्रत्येक घरात असतात. आधी कापड धुवून घ्या, मग कापा. शिवताना धावदोऱ्यावर सोडू नका, उलटी टीप मारा, तीही दुहेरी. डोळ्यांना मणी नको, बटण नको, दोऱ्याने भरा. आत स्वच्छ कापूस किंवा बारीक कापलेल्या चिंध्या. थर्मोकोलचे दाणे कधीही नाही, शिवण उसवली की ते नाकात जातात. बाहुली झाली की टप्पा ३ प्रमाणे ओढून बघा. स्वतः केलेल्या वस्तूला आपण सवलत देतो, तेच नको.

*माती.* खानापूरकडची साधी भाजलेली, झिलई नसलेली भातुकली चांगली. फुटली तर मातीतच जाते. चकचकीत झिलईचं भांडं खेळातही खाण्यासाठी वापरू नका.

*धातू.* तांब्या-पितळेच्या भातुकलीला कल्हई नसेल तर त्यात चिंच, ताक, लिंबू नको. स्टीलची घ्या, कडा वळवलेली.

*इशारा, निसर्गातल्या वस्तूंबद्दल :* 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की लोक तपासणं सोडतात. खानापूरच्या रानातून आणलेल्या लाल-काळ्या गुंजा दिसायला गोड, पण बी चावली गेली तर जहाल विष. एरंडाच्या बियाही तशाच. कच्च्या काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, चंदगडकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चिंचोके आणि गोट्या विषारी नाहीत, पण नळीत मावतात.

टप्पा ७ : जत्रेत आणि सणात

जत्रेत ॲप, बिल, शिक्का काही चालत नाही, म्हणून तिथे घ्यायचंच नाही अशी यादी आधी ठरवा. पाण्यात फुगणारे जेली बॉल अजिबात नको, ते आतड्यात फुगून अडकतात. लेझरचा टॉर्च नको. गॅसचे फुगे बऱ्याचदा हायड्रोजनचे असतात आणि उदबत्तीजवळही भडकतात. साधा फुगाही फुटल्यावर त्याचे तुकडे लगेच गोळा करा, ते घशावर पातळ पडद्यासारखे बसतात. फुग्याच्या प्लास्टिक कांडीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा दोऱ्याचा मागा.

जत्रेत काय घ्यावं? कागदी भिरभिरं, बांबूची पिपाणी (टोक घासून), बेंदराच्या सुमारास मातीचे बैल. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे बहुतेक प्लास्टरचे आणि वर रंगाचा एक हात दिलेले असतात. ते किल्ल्यावरच राहू देत, आणि किल्ला मोडताना वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवा. दरवर्षी नवी फौज कशाला?

टप्पा ८ : घरी आल्यावर

पातळ प्लास्टिक पिशवी, तारा, पिना, किमतीचे स्टिकर आधी काढा. पिशवीला गाठ मारून टाका, मूल ती डोक्यात घालतं. बिल आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.

प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवा. लाकूड भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. लाखेचं खेळणं कडक उन्हात तडकतं.

मग पावसाळा. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, जुलैत चपलेलाही बुरशी येते. कापडी बाहुल्या आणि लाकडी खेळणी बंद डब्यात कोंबू नका, टोपलीत उघडी ठेवा. आंघोळीच्या वेळच्या रबरी बदकाच्या पोटात पाणी राहतं, ते पिळून काळं काही निघालं तर टाकून द्या.

*तपासा :* महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी टोपली उपडी करून टप्पा ३ पुन्हा. खेळणं दुकानात पास होतं आणि तीन महिन्यांनी, दोनशे वेळा शहाबादी फरशीवर आपटल्यावर, नापास होतं.

टप्पा ९ : दुरुस्ती आणि पुढे देणं

सैल चाक सुताराकडून नव्या खिळीने बसवून घ्या. फेविकॉलवर भागवू नका, ओल धरली की सुटतं. फुटलेलं प्लास्टिक चिकटवून बाळाला परत देऊ नका. बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात साठवा, ओल्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरीची बंद पडलेली खेळणीही ई-कचऱ्यातच जायला हवीत.

पुढे देताना एक चिठ्ठी बांधा: कधी घेतलं, किती वयासाठी, काय दुरुस्त केलं, कुठला भाग हरवला. घेणाऱ्याने तरीही टप्पा ३ पासून तपासावं. आमच्या गल्लीत फिरणाऱ्या पांगुळगाड्याच्या दांडीला अशी चिठ्ठी आहे. त्यावर तीन घरांची तीन अक्षरं आहेत, आणि डाव्या चाकाची खिळी दोनदा बदलल्याची नोंद.